मुडदा उठवणारा मंत्र: फँटसी गेम आणि एका ख्रिस्ती घराचं प्रकरण

आई खोलीत शिरली तेव्हा पडद्यावर एक मुडदा उठून उभा राहत होता. मुलाच्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे दार उघडल्याचं त्याला कळलंच नाही. त्याने मंत्र टाकला. नुकताच मारलेला डाकू धडपडत उठला आणि मुलाच्या बाजूने, आपल्याच जुन्या साथीदारांवर धावून गेला.

ही आई रविवारच्या शाळेत शिकवते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली यादी तिला तोंडपाठ आहे: चेटूक करणारा, मंत्रतंत्र करणारा, मृतांना विचारणारा असा कोणी तुमच्यात नसावा. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत गेल्यावर तिने गेम काढून टाकला, सेव्ह फायलींसकट. १४० तासांचा खेळ गेला. मुलगा संध्याकाळी आला, मशीनसमोर बसला, उठला आणि जेवायला आला. एक शब्द बोलला नाही. घरात सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

माझ्यापर्यंत हे प्रकरण तीन महिन्यांनी आलं. मी मंडळीतल्या तरुण संघाचं काम बघतो. मानसशास्त्राचं शिक्षण नाही, पाळकही नाही. मात्र गेम खेळलेलो आहे, आणि बहुधा म्हणूनच मला बोलावलं गेलं. घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तीन महिन्यांत झालं होतं ते असं. मुलाने मित्राच्या घरी दुसराच एक गेम सुरू केला. हा ऑनलाइन होता, शेकडो लोक एकत्र खेळतात तसला. त्यात त्याची एक गिल्ड होती, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांचा गट, आणि गिल्डमधले खेळाडू वेगवेगळ्या देशांतले. सगळ्यांनी मिळून करायच्या मोठ्या चढाईला रेड म्हणतात, आणि सगळ्यांना जमेल अशी रेडची वेळ म्हणजे शनिवारची मध्यरात्र उलटून गेल्यावरची. मुलगा शनिवारी मित्राकडे अभ्यासाला जातो असं सांगायचा आणि रविवारी सकाळी तिथूनच परस्पर उपासनेला जातो असंही. उपासनेच्या वेळी तो झोपलेला असायचा. सलग सहा रविवार. आईला हे कळलं ते मित्राच्या आईकडून, तेही सहज बोलता बोलता.

"गेमने माझ्या मुलाचा विश्वास खाल्ला," ती मला म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, हे गेम सैतानाचे आहेत की नाहीत?"

मी म्हटलं, "ताई, आधी मला तो पहिला गेम बघू द्या."

गेममध्ये काय होतं

गेम होता स्कायरिम. २०११ साली आलेला, एकट्याने खेळायचा. बर्फाळ डोंगर, ड्रॅगन, मोडकी थडगी आणि शेकडो क्वेस्ट, म्हणजे पार पाडायच्या कामगिऱ्या. आईने वेष्टनावरचं चित्र पाहून तो आणू दिला होता. त्याच वेष्टनावर अमेरिकन मानांकन संस्थेचं 'एम' हे अक्षर होतं, म्हणजे १७ वर्षं आणि वरच्यांसाठी, हे तिने पाहिलं नव्हतं. मुलगा १६ चा. मानांकनात रक्तपात, तीव्र हिंसा, लैंगिक विषय आणि मद्य यांची नोंद आहे. धर्माबद्दल त्यात काही नाही, कारण ते मोजणं त्या संस्थांचं कामच नाही. ख्रिस्ती पालकांना मात्र नेमकं तेच हवं असतं, आणि मग ते चित्रावरून अंदाज बांधतात.

त्या जगात धर्म मात्र भरपूर आहे. नऊ देव आहेत. त्यांतला टेलोस हा मुळात माणूस, पुढे देव झालेला, आणि एका तहामुळे त्याची पूजा बेकायदा ठरलेली आहे. त्याचे भक्त गळ्यातला ताईत कपड्याआड लपवतात. पकडले गेले तर तुरुंगात जातात. यापलीकडे डेड्रा नावाच्या शक्ती आहेत. त्यांतल्या काही उघडउघड दुष्ट आहेत आणि खेळणाऱ्याकडून घाणेरडी कामं करून घेतात. बोएथिया नावाच्या एका शक्तीची अट अशी, की सोबत चालणाऱ्या, विश्वास टाकणाऱ्या साथीदाराला एका खांबाशी न्यायचं आणि तिथे त्याचा बळी द्यायचा.

मुलाची साथीदार होती लिडिया. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैमध्ये भेटणारी, जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया, तिचंच हे नाव. आईला हे सांगितल्यावर ती क्षणभर चकित झाली. ही लिडिया लढवय्यी आहे, खेळणाऱ्याचं सामान वाहते आणि तुमची ओझी वाहण्याची शपथ घेतली आहे असं कुरकुरत सांगते. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं 'एकमेकांची ओझी वाहा' ज्याला ठाऊक आहे त्याला तिथे हसू येईल.

मुलाने लिडियाला त्या खांबापर्यंत नेलं होतं. "मग?" मी विचारलं.

"मग सेव्ह लोड केला, दादा. हात होईना." म्हणजे बळी न देता तो खेळात आधी साठवलेल्या जागी परतला.

"गेम आहे हे माहीत होतं ना?"

"हो. तरी नाही झालं. ती इतका वेळ बरोबर होती."

हे ऐकून मला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. त्याच गेममध्ये मारेकऱ्यांची एक गुप्त टोळी आहे. तिचं दार उघडतं ते एका अनाथालयाच्या खडूस बाईचा खून केल्यावर. आणि ती मेली की अनाथ मुलं आनंदाने ओरडतात. हा खून मुलाने हसत हसत केला होता, मला सांगतानाही हसत होता. त्या टोळीची पुढची सगळी कामंही केली. तिथे हात थांबला नाही. का, असं विचारलं तर म्हणाला, "ती वाईट होती ना."

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. एकीकडे ओळखीच्या माणसाला मारताना थबकणारं मन, आणि दुसरीकडे ज्याला 'वाईट' असं लेबल लागलं त्याच्या मरणाला टाळी वाजवणारं. खरं सांगायचं तर हे दुसरं आपल्या सगळ्यांत आहे आणि त्याला पडदा लागत नाही. पण गेमने त्याला सराव दिला, हेही खोटं नाही.

पास्टरांचं म्हणणं

आमचे पास्टर गेमच्या विरोधात होते, ठाम. त्यांनी मुलाचं नाव न घेता एका रविवारी प्रवचन दिलं. पण सगळ्यांना कळलं, आणि तरुण संघातली आणखी तीन मुलं पुढच्या बैठकीला आली नाहीत.

मी त्यांच्याशी बोललो. त्यांचं बरंचसं म्हणणं १९८० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या पुस्तिकांमधून आलं होतं. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर बसून, फाशांनी आणि कल्पनेने खेळायचा खेळ निघाला. १९८२ साली पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. त्याला तो खेळच कारणीभूत आहे असं त्यांनी मानलं आणि १९८३ साली त्याविरुद्ध संघटना काढली. पुढची काही वर्षं तिथल्या कित्येक मंडळ्यांमध्ये या खेळाला सैतानी पंथाचं दार मानलं गेलं. गंमत म्हणजे खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, स्वतःला ख्रिस्ती म्हणवत असे. मुलगा गमावलेल्या आईला मी हसणार नाही. पण दुःखातून निघालेलं एक उत्तर चाळीस वर्षांनी, दुसऱ्याच प्रकारच्या खेळाला, न तपासता लावणं मला पटत नाही.

पास्टरांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना माहीत नव्हती. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८६ सालच्या पहिल्या झेल्डा गेममध्ये नायकाच्या ढालीवर क्रूस आहे, आणि जपानी आवृत्तीत जादूची शक्ती वाढवणाऱ्या पुस्तकाचं नाव चक्क 'बायबल' आहे. पुढे अमेरिकेत गेम विकताना कंपनीने धार्मिक खुणा काढायचं धोरण ठेवलं, कोणाच्या श्रद्धेला धक्का नको म्हणून. १९९१ सालच्या झेल्डाच्या जपानी नावात 'देव' हा शब्द होता. इंग्रजी नावातून तो गेला. त्यातला खलनायक पुरोहित होता, त्याचा जादूगार केला. म्हणजे धार्मिक माणसं दुखावू नयेत म्हणून पुरोहित पुसला आणि चेटक्या आणला. पास्टर यावर हसले. मत बदललं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी मुलाला भेटायची तयारी दाखवली.

अनुवादातल्या मनाईबद्दल मात्र ते म्हणाले ते मी टिपून ठेवलं आहे: मनाई करणीची आहे, पण करणीची आवड आधी मनात लागते. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बटण दाबून डाकू उठवणं म्हणजे मृतांना विचारणं नव्हे. खेळणारा कोणत्याही शक्तीला हाक मारत नाही, त्याचा त्या मंत्रावर विश्वासही नाही. मी मुलाला विचारलं होतं, गेम सोडून कधी असं काही करून बघावंसं वाटलं का, वाचावंसं वाटलं का? तो माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी विचारलं होतं, ड्रॅगन पाळायचा आहे का. या मुलापुरतं उत्तर मिळालं. दुसऱ्या एखाद्या मुलाला, जो आधीच एकटा आणि घाबरलेला आहे, ज्याच्या घरात भुताखेतांवर खरोखर विश्वास आहे, त्याला मी तोच गेम निर्धास्तपणे दिला नसता.

वही

मी मुलाला एक वही दिली. चार आठवडे, रोज तीन गोष्टी लिहायच्या: किती वेळ, कोणता गेम, आणि बंद केल्यावर कसं वाटलं. आईने वही वाचायची नाही असं ठरलं. हे ठरवणं त्या वहीहून अवघड गेलं.

पहिल्या आठवड्यात २७ तास भरले. त्यातले २१ ऑनलाइन गेमचे. स्कायरिम त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता, त्याचे ६. आणि 'कसं वाटलं'च्या रकान्यात स्कायरिमपुढे 'मस्त', 'डोंगर', 'भूक लागली' असलं काहीतरी. ऑनलाइन गेमपुढे जवळपास रोज एकच शब्द: 'थकलो'. एकदा लिहिलं होतं, 'नको होतं पण गिल्डला माणूस कमी पडत होता.'

ऑनलाइन गेममध्ये रोज लॉगिन केलं नाही तर बक्षिसांची साखळी तुटते. रेडला आला नाहीस तर वीस लोकांचा खोळंबा. वर पैसे देऊन उघडायच्या पेट्या, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवलं, ते उगाच नाही. त्या गेममध्ये ना सैतान होता ना मुडदे उठवणं. गोंडस पऱ्या होत्या. आईने तो पाहिला असता तर हरकत घेतली नसती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्याच्या वर खेळ जाणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. मुलगा त्यात बसत नव्हता. शाळा चालू होती, मित्र होते, मैदानावर जात होता. पण सहा रविवारांची थाप आणि शनिवारची न झालेली झोप ही वर्गीकरणात बसो न बसो, नुकसानच होतं. आणि त्या थापांमध्ये बंदीचा वाटा होता. आई चिडेल हे माहीत होतं, तरी हे मी तिला सांगितलं.

आठ तासांचा आशीर्वाद

या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं संभाषण कोणी ठरवून केलेलं नव्हतं. मी मुलाला विचारलं होतं, उपासनेला जावंसं का वाटत नाही? रेड सोडून दे, ती तर आत्ताची. त्याआधी?

तो म्हणाला, "दादा, परीक्षेच्या आधी मी खूप प्रार्थना केली. काही झालं नाही. तिकडे निदान कळतं तरी, लागू झालं की नाही."

तिकडे म्हणजे स्कायरिममध्ये. तिथे देवाच्या वेदीशी जाऊन बटण दाबलं की सगळे आजार बरे होतात आणि वर आशीर्वाद मिळतो. गेमच्या घड्याळाचे आठ तास टिकतो. पश्चात्ताप लागत नाही. खून करून आलेल्यालाही मिळतो. कोणी म्हणेल, ही तर कृपा झाली. नाही. कृपेत देणाऱ्याचं काहीतरी जातं. इथे कोणाचं काहीच जात नाही, फक्त बटण आहे.

जादू, मुडदे, डेड्रा हे सगळं त्याने खेळ म्हणून बाजूला ठेवलं होतं. पण देव म्हणजे ज्याच्याकडे गेलं की मिळतं, ही रचना त्याने बाजूला ठेवली नव्हती, कारण ती त्याला खोटी वाटलीच नव्हती. ती त्याला ओळखीची वाटली. ओळखीची कुठून? आमच्या साक्षींच्या सभांतून. प्रार्थना केली आणि नोकरी मिळाली, प्रार्थना केली आणि ताप उतरला. ज्यांना मिळालं नाही ते कधी उभे राहून बोलत नाहीत. आणि आईनेही, गेम काढून टाकला त्या रात्री, देवाला काय म्हटलं होतं ते तिने स्वतःच मला सांगितलं: "मी घरातून हे काढलं प्रभू, आता माझ्या मुलाला चांगले गुण दे."

मी तिला काही बोललो नाही. बोलायची गरज पडली नाही. वाक्य संपता संपता ती स्वतःच थांबली.

फँटसी गेम विश्वासाला घातक आहेत का, या प्रश्नाला मी उत्तर देतो ते इथून. गेममधला चेटक्या मुलाच्या श्रद्धेशी भांडत नाही, कारण मुलाला तो खोटा आहे हे पक्कं माहीत असतं. गेममधला देव भांडतो. तो आटोपशीर आहे, वेळेवर देतो आणि काही मागत नाही. त्याच्याशी तुलना होते ती खऱ्या देवाची नव्हे, तर आम्ही मुलांना जो शिकवला त्याची, आणि त्यात आमचाच फिका पडतो.

"मला काही होत नाही"

मुलाचं एक वाक्य मी तसंच सोडलं नाही. तो म्हणायचा, मला काही होत नाही, मला माहीत आहे ना ते खरं नाही. प्राचीन मंडळीतला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनात अलीपियस नावाच्या मित्राची गोष्ट सांगितली आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या खेळाला नेलं. तो म्हणाला, शरीर न्याल, मन कसं न्याल? आणि डोळे मिटून बसला. मग गर्दीतून एक प्रचंड आरोळी उठली, त्याने कुतूहलाने डोळे उघडले, आणि मिटलेच नाहीत. पुढे तोच इतरांना घेऊन जायला लागला. मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "पण तिथे माणसं खरी मरत होती." बरोबर आहे, आणि मी ते मान्य केलं. त्यावर तो जरा वेळाने स्वतःहून म्हणाला, "त्या अनाथालयाच्या बाईच्या वेळी मात्र ती आरोळी होती." मी ते वहीत लिहायला सांगितलं नाही. त्याने लिहिलं.

घरात काय ठरलं

ज्या गोष्टीने घरातला नियम खरोखर ठरला तिचा आईच्या तक्रारीत उल्लेखही नव्हता. मुलाची बहीण आठ वर्षांची. ती भावाच्या मागे उभी राहून बघायची, आणि थडग्यांतून उठणारे सांगाडे तिच्या स्वप्नात यायला लागले होते. मुलाला हे माहीत होतं आणि त्याला ते गमतीचं वाटायचं.

पास्टरांनी त्याच्यासोबत करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचला. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खावा की नाही असा तिथे वाद आहे. पौल आधी म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही, म्हणजे ज्ञान असलेल्यांची बाजू बरोबर. आणि मग म्हणतो, पण तुझ्या खाण्याने ज्याची विवेकबुद्धी दुबळी आहे असा भाऊ अडखळत असेल, तर मी मांस कधीच खाणार नाही. पास्टरांनी अर्थ समजावला नाही, फक्त विचारलं, "तुझ्या घरात दुबळं कोण?" हे श्रेय त्यांचं, मला हा प्रश्न सुचला नव्हता.

आता बहीण जागी असताना स्कायरिम लागत नाही. मारेकऱ्यांच्या टोळीत तो या वेळी गेला नाही. मला वाटतं त्यात थोडा मला खूश करण्याचाही भाग आहे. गिल्डला त्याने शनिवार जमणार नाही असं कळवलं, त्यांनी दोन आठवड्यांत दुसरा माणूस घेतला, आणि ते त्याला लागलं. रविवारी तो येतो. मागच्या बाकावर बसतो. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटतो की नाही ते मी बघत नाही. तरुण संघात त्याने एकदा टेलोसच्या लपून पूजा करणाऱ्यांची तुलना रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांशी केली आणि विचारलं, पकडल्यावर नाकारलं तर परत मंडळीत घेत का? तिसऱ्या शतकात मंडळी याच प्रश्नावर फुटायला आली होती. त्या संध्याकाळी आम्ही ठरवलेला विषय सोडून दिला.

आईची भीती गेलेली नाही. त्या एका मंत्राला ती अजून खोलीबाहेर जाते. मुलाने ती घरात असताना तो वापरणं सोडलं आहे, पण ते मान्य करत नाही. "तसाही तो कुचकामी आहे," तो मला तिच्यासमोरच म्हणाला. "मेलेला उठतो, साठ सेकंद लढतो आणि राख होऊन पडतो."

आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे येशूने उठवलेला लाजर नाही झाला."

"नाही," मुलगा म्हणाला. "लाजर नाही."